उत्तम स्थितीत, एक सही बाकी

चष्मेवाला गाडीखाली शिरला तेव्हा त्याच्या बायकोने घड्याळाकडे बघितलं आणि मग शेडच्या छपराकडे. तो पाठीखाली वर्तमानपत्र घालून उताणा सरपटत आत गेला होता. हातात दुकानातली बारकी विजेरी होती, जिने तो एरवी लोकांच्या बुबुळांत बघत असे. बाहेर फक्त त्याचे बूट उरले होते आणि त्यातला उजवा सारखा हलत होता.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"सगळंच."

"सगळंच म्हणजे चांगलं की वाईट?"

"अगं, स्वच्छ आहे. पोटाखालून इतकी स्वच्छ गाडी कधी बघितलीयेस? आपल्या घरी ताटंसुद्धा इतकी स्वच्छ नसतात."

"आपल्या घरी ताटं तू घासतोस."

बूट क्षणभर थांबला आणि पुन्हा हलायला लागला.

गाडीचा मालक दाराशी हात मागे बांधून उभा होता. वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला उंच, ताठ गृहस्थ. उभी हयात दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात गेल्यामुळे त्याचा चेहरा असा झाला होता, की समोरच्याला उगाचच आपण काहीतरी कमी दिलंय असं वाटावं. गाडीच्या सीटवर पांढऱ्याशुभ्र, इस्त्री केलेल्या खोळी होत्या. पायाखाली पांढऱ्या सतरंज्यांचे तुकडे होते. स्टिअरिंगवर पांढरं कापड गुंडाळलेलं होतं. लांब नाकाची, गोल पाठीची ती जुनी गाडी या पोशाखात दवाखान्यात भरती केल्यासारखी दिसत होती.

"ताई, हे याआधीही खाली जाऊन आलेत," निरीक्षक म्हणाला.

"मला माहितीये. शर्ट मी धुते."

दोन महिन्यांपूर्वी रविवारच्या वर्तमानपत्रात, छोट्या जाहिरातींच्या पानावर, एकाच रकान्यात दोन जाहिराती आल्या होत्या. एक होती, 'जुनी गाडी, उत्तम स्थितीत. खऱ्या शौकिनांनीच संपर्क साधावा. एक सही बाकी.' तिच्याखाली, गुडघेदुखीच्या तेलाची एक जाहिरात सोडून दुसरी होती, 'जुनी गाडी, जिवापाड जपलेली. वेळ घालवणाऱ्यांनी फोन करू नये. एक सही बाकी.' चष्मेवाला खरा शौकीन होता आणि वेळ घालवणाराही होता, त्यामुळे त्याने दोन्हीकडे फोन केला. दोन्ही गाड्या एकाच बनावटीच्या आणि एकाच वर्षीच्या निघाल्या. त्या वर्षी त्या कारखान्यातली माणसं मन लावून काम करत असणार, असा निष्कर्ष त्याने काढला. आणि सहीचं म्हणाल तर जुन्या गाड्यांना एखादी सही बाकी असायचीच. जुन्या माणसांचा नाही का एखादा दात पडलेला असतो?

तेव्हापासून तो दोन गाड्यांच्या मध्ये घड्याळाच्या लंबकासारखा फिरत होता. निरीक्षकाची गाडी बघायची वेळ रविवार ते बुधवार. दुसऱ्या गाडीचा मालक एक बेकरीवाला होता, त्याची वेळ गुरुवार ते शनिवार. किती सोयीचं, चष्मेवाल्याला वाटलं होतं. एखाद्याने आपल्यासाठीच वेळापत्रक आखावं तसं.

तो गाडीखालून बाहेर आला, केस झटकले, आणि डोकं आत घालून दीर्घ श्वास घेतला.

"हिच्यात बिस्किटांचा वास येतो," तो बायकोला म्हणाला. "पुसटसा. मला आवडतो."

"येतो कुठूनतरी," निरीक्षक घाईने म्हणाला. "मी काचा उघड्या ठेवतो. तरी येतो." मग घसा साफ करून त्याने विचारलं, "तिकडे जाऊन आलात मधे? त्या दुसऱ्या गृहस्थांकडे?"

"शनिवारी."

"काय म्हणत होते?"

"म्हणत होते, पांढऱ्या खोळी घालणाऱ्या माणसाला गाडी कळत नाही, धोबीघाट कळतो."

निरीक्षकाच्या मिशीचं एक टोक हललं. हसला की काय ते कळायला मार्ग नव्हता.

"खोकला होता का त्यांना?"

"होता थोडा."

"सिगरेट सोडलीय का, विचारा. माझं नाव नका सांगू. म्हणजे, तुम्हाला माझं नाव सांगायचं काही कारण नाही. नुसतं विचारा."

"त्याचा गाडीशी काय संबंध?"

"धूर काचेत बसतो," निरीक्षक म्हणाला. "घेणाऱ्याने असलं सगळं विचारून घ्यावं."

चष्मेवाल्याने मान डोलावली. घासाघीस करायची ही जुनी पद्धत असावी. त्याची बायको निरीक्षकाकडे बघत राहिली. मग ती गाडीच्या मागे गेली आणि तिथे जरा वेळ थांबली. चष्मेवाला तेवढ्यात बॉनेट उघडून इंजिनात वाकला होता. इंजिनात वाकलेल्या माणसाला गाडीच्या मागचं काही दिसत नाही, आणि गेले दोन महिने तो कुठल्या ना कुठल्या इंजिनात वाकलेलाच होता.

*

खरा प्रश्न गाडीचा नव्हताच. त्याची बायको पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिला दुसऱ्या एका मोठ्या शहरात बढती मिळाली होती, प्रयोगशाळा तिच्या हाताखाली येणार होती, आणि महिनाअखेरीला तिथे हजर व्हायचं होतं. घराच्या पुढच्या खोलीत खोकी रचलेली होती. तिथला घरांचा दलाल दर दोन दिवसांनी फोन करून एकच विचारत असे, घर एका माणसाचं बघू की दोघांचं? शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा, त्यानंतर मी मोकळा.

ती नवऱ्याला विचारत असे. नवरा म्हणत असे, "बघतो."

त्याला जायचं नव्हतं असं नाही. जायचं होतं असंही म्हणता येत नव्हतं. कॉलेजातला एक मित्र त्याचं दुकान घ्यायला तयार होता, त्यालाही तो "बघतो" म्हणाला होता. मध्यंतरी त्याने तोडगा काढला की आधी गाडीचं ठरू दे. गाडीचं ठरलं की गाडीतूनच जाऊ, आणि नाही गेलो तर निदान गाडी तरी असेल. हा तोडगा बायकोला सांगताना त्याला स्वतःलाच त्यातलं शेवटचं वाक्य ऐकू आलं आणि तो पाणी प्यायला उठला होता.

"मी ये म्हणत नाहीये," ती त्याच्या पाठीला म्हणाली होती. "येऊ नको असंही म्हणत नाहीये. मला कळलं की झालं. तुझ्या त्या 'बघतो'ला मी भाड्याने खोली नाही घेऊ शकत."

गंमत अशी, की दिवसभर तो लोकांना निवड करायला लावत असे. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, डोळ्यांवर ती जड लोखंडी चौकट चढवायची, भिंग सरकवायचं आणि विचारायचं, हे बरं की हे? आता? हे की हे? लोक घाबरायचे. जणू चुकलं तर डोळे जप्त होतील. तो धीर द्यायचा. घाबरू नका, वाटेल ते सांगा. कधीकधी गंमत म्हणून, आणि थोडी खात्री म्हणूनही, तो तेच भिंग काढून पुन्हा तेच घालायचा. लोक हटकून सांगायचे, दुसरं बरं आहे. खूपच बरं आहे. मनापासून सांगायचे.

*

शुक्रवारी ती दोघं बेकरीवाल्याकडे गेली. तो बुटका, गोल, लाल चेहऱ्याचा माणूस होता. भट्टीसमोर आयुष्य गेल्यामुळे तो अजूनही डोळे बारीक करूनच बोलत असे. त्याच्या गाडीत तपकिरी मखमली खोळी होत्या, पायाखाली जाड रबर, स्टिअरिंगला लोकरीचं विणलेलं आवरण, आणि मागच्या काचेत मान हलवणारा एक लाकडी कुत्रा.

"या वहिनी, या. ह्यांनी सांगितलं होतं, तुम्हाला घेऊन येतो म्हणून. बसून बघा. मऊ आहे की नाही? नाहीतर काही लोकांच्या गाड्या. बसलं की वाटतं, आता नर्स येऊन ताप बघणार."

"हिचा क्लच हलका आहे," चष्मेवाला बायकोला हळूच म्हणाला. "आणि रंग बघ. ही कशी दुधी दिसते. ती जरा पांढरटच आहे ना?"

"तिकडे परवा सकाळी गेलो होतो," ती म्हणाली. "आता दुपार आहे."

"त्याने काय होतं?"

ती गाडीच्या मागच्या बाजूला वळली.

"सिगरेट सोडलीत का तुम्ही?" चष्मेवाल्याने आठवणीने बेकरीवाल्याला विचारलं.

बेकरीवाल्याचे बारीक डोळे आणखी बारीक झाले. "कोणी विचारलं?"

"मीच विचारतोय."

"हं." त्याने गाडीच्या टपावरची नसलेली धूळ पुसली. "सोडली म्हणावं. म्हणजे तुम्हाला म्हणून सांगतोय, सोडली. दिवाळं निघेपर्यंत ओढली, आता सोडली." थोडा वेळ तो पुसत राहिला. "त्या दुसऱ्या गाडीवाल्यांचं काय? गुडघा कसाय?"

"गुडघा?"

"वय झालेलं असणार ना त्यांचं. क्लच दाबणाऱ्याचा डावा गुडघा जातो. मग गिअर खरखरतात. घेणाऱ्याने बघावं माणसाचं. पायऱ्या एकेक करून उतरतात का, की धडाधड?"

"एकेक," चष्मेवाल्याने आठवून सांगितलं.

"बघा," बेकरीवाला म्हणाला, पण विजयाने नाही. पुसायचं फडकं त्याच्या हातात तसंच राहिलं. "तेल लावायला सांगा. कोमट. जाहिरातीतलं नको, त्याने काही होत नाही."

चष्मेवाल्याची बायको तेवढ्यात गाडीच्या मागे जाऊन आली होती. खाली वाकून तिने काहीतरी वाचलं होतं, आणि आता ओठ आत घेऊन उभी होती, तोंडात पिन धरून शिवणाऱ्या बाईसारखी.

"काका," तिने विचारलं, "ही गाडी बुधवारी कुठे असते हो?"

बेकरीवाल्याला खोकला आला. तो बराच वेळ पुरला.

"विश्रांती घेते," तो शेवटी म्हणाला.

"आणि कोणाकडे घेते?"

"तुम्ही पाणी तपासता ना? ह्यांनी सांगितलंय. बारीक बघायची सवय असणार तुम्हाला." आणि मग अगदी हळू आवाजात, जवळजवळ विनवणीच्या सुरात, "राहू दे ना, वहिनी."

चष्मेवाला इंजिनात होता.

*

परत जाताना तो नेहमीसारखा तिच्या एक पाऊल पुढे, मग एक पाऊल मागे, मग पलीकडच्या बाजूने चालत होता. कोपऱ्यावर सिग्नल हिरवा असूनही तो थांबला.

"ठरलं," तो म्हणाला.

"काय?"

"दुसरी. बेकरीवाल्याची."

ती वळली. अकरा वर्षांच्या संसारात तिने त्याच्या तोंडून 'ठरलं' हा शब्द ऐकला नव्हता. लग्नाच्या वेळीसुद्धा तो 'चालेल' म्हणाला होता.

"नक्की?"

"डोळे मिटून. अगं, फरक कसला, जमीन-अस्मान आहे. त्या गाडीला शिस्त आहे, पण हिला जीव आहे. तिचा हॉर्न दटावतो, हिचा हाक मारतो. क्लच, रंग, सगळंच. मला इतके दिवस दिसत कसं नव्हतं, तेच कळत नाही."

त्याचे डोळे चमकत होते. पाय स्थिर होते. रस्त्यातल्या माणसांना वळसा घालून जावं लागत होतं आणि त्याला त्याचं भान नव्हतं. ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंही तिने. मग तिने त्याच्या शर्टाच्या मागचं ग्रीस बोटाने खरवडल्यासारखं केलं आणि हात खाली घेतला.

"बरं," ती म्हणाली. "छान. आणि दुसरं?"

"दुसरं काय?"

"दलाल."

त्याचा उजवा पाय हलायला लागला.

"उद्या संध्याकाळपर्यंत आहे ना वेळ?"

*

शनिवारी सकाळी त्याने बेकरीवाल्याला फोन केला. मी तुमची गाडी घेतोय, तो म्हणाला. पलीकडे इतका वेळ शांतता होती, की त्याने दोनदा "हॅलो" केलं.

"घाई काय आहे?" बेकरीवाला म्हणाला.

"घाई म्हणजे, ठरलंय माझं."

"अहो, पण ती दुसरीही काही वाईट नाही. मी ऐकलंय तुमच्याकडून. शिस्तीतली गाडी. एकदा परत बघून घ्यायची होती."

"नाही. तुमचीच."

"असं," बेकरीवाला म्हणाला. "मग ती सही आणावी लागेल तुम्हाला. मी काही जायचो नाही तिथे. पत्ता घ्या."

त्याने दुकानातल्या नजर तपासायच्या कार्डाच्या पाठीमागे पत्ता लिहून घेतला. दुपारी बेकरीवाल्याने पाठवलेले गाडीचे कागद न वाचताच काखेत घेऊन, दुकान बंद करून निघाला तेव्हा त्याच्या डोक्यात गाडी नव्हती. संध्याकाळ होती. खोकी होती. मित्राचा चेहरा होता, दलालाचा न पाहिलेला चेहरा होता. पाय आपोआप चालत होते. दोन वळणं झाल्यावर त्याला वाटलं, हा रस्ता ओळखीचा आहे. तिसऱ्या वळणानंतर वाटलं, फारच ओळखीचा आहे. फाटकासमोर उभा राहून त्याने कार्डावरचा घरक्रमांक बघितला, फाटकावरचा बघितला, पुढे निघून गेला, चष्मा काढून पुसला, आणि परत आला.

आत शेड उघडी होती. शेडमध्ये गाडी नव्हती. वजनमाप निरीक्षक एका वेताच्या खुर्चीशेजारी उभा राहून पांढऱ्या खोळींच्या घड्या घालत होता.

चष्मेवाल्याने पुन्हा एकदा कार्डावरचा पत्ता बघितला. मग त्याने कागद पुढे केले. निरीक्षकाने ते चष्म्याच्या वरून बघितले.

"म्हणजे त्याची आवडली," तो म्हणाला.

"तुम्ही दोघं—"

"सख्खे. मी थोरला."

"आणि गाडी?"

"वडिलांची. दोघांच्या नावावर केलीय त्यांनी. अर्धा आठवडा तो, अर्धा मी. कोपऱ्यावर तो उभी करून जातो, किल्ली पुढच्या चाकावर ठेवतो. तो गेला की मी जाऊन घेतो. स्वतःच्या खोळी ज्याने त्याने काढून न्यायच्या." त्याने एक घडी हाताने दाबून सरळ केली. "त्याच्या हातून आली की मी धुतो. माझ्याकडून गेली की तो धुतो. म्हणून ती अशी राहिलीय. प्रेमाने नाही राहत हो गाडी इतकी स्वच्छ. प्रेमात माणूस चालवून घेतो."

"भांडण कशावरून झालं?"

"ते आठवतं की मला चांगलं. पण त्याला विचाराल तर तो दुसरंच भांडण सांगेल. त्या दिवशी दोन झाली असावीत."

चष्मेवाला खुर्चीत बसला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. दोन महिने. क्लच. रंग. हॉर्न दटावतो आणि हॉर्न हाक मारतो.

"तुम्हाला माहीत होतं, मी त्यांच्याकडेही जातो ते?"

"पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही म्हणालात ना, ते गृहस्थ इंजिन बंद केल्यावर गाडीला थोपटतात. गाडीला थोपटणारा माणूस एकच आहे माझ्या माहितीत. लहानपणी सायकललासुद्धा थोपटायचा."

"आणि त्यांना?"

"तो काय खुळा आहे? माझ्या गुडघ्याची चौकशी करत होताच ना."

"मग मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का परत?" निरीक्षक म्हणाला. असं बोलताना तो पहिल्यांदाच तराजू तपासणाऱ्यासारखा नव्हे, तराजू तपासून घेणाऱ्यासारखा दिसला. "त्याने सिगरेट सोडली हे मला तुमच्यामुळे कळलं. मुलीकडे जाऊन आला, बेकरी भाच्याला दिली, सगळं तुमच्याकडून. जाहिरात दिली होती ती रागाने. दोघांनीही. रागाने दिलेल्या जाहिरातीला कोणी फोन करत नाही असं वाटलं होतं."

त्याने कागद घडी करून चष्मेवाल्याच्या मांडीवर ठेवले. सही केली नाही. नाहीही म्हणाला नाही.

"घाई काय आहे? तुम्ही अजून एकदा बघून या ना त्याच्याकडची. मग माझी बघा. पावसाळा गेला की ठरवा. तुमच्यासारखा माणूस मिळणं मुश्कील, साहेब. दुसरा कोणी असता तर पहिल्या आठवड्यात घेऊन गेला असता."

खुर्ची आरामशीर होती. शेडमध्ये गारवा होता. घाई काय आहे, असं चष्मेवाल्याला आजवर कोणीच म्हटलं नव्हतं, आणि आज एकाच दिवसात दोघांनी म्हटलं होतं. इथे त्याचं 'बघतो' कोणाला खुपत नव्हतं. उलट, त्याच्यावर दोन म्हाताऱ्यांचं घर चालत होतं. त्याला वाटलं, आपण इथे येत राहू शकतो. रविवार ते बुधवार इथे, गुरुवार ते शनिवार तिथे. कोणी काही विचारणार नाही. बायको तिकडे नीट असेल. फोन येईल तिचा. आपण म्हणू, येतो, बघतो.

त्याने मांडीवरच्या कागदांवरून नजर उचलली. निरीक्षकाने खोळींचं गाठोडं बांधलं होतं. एकेका घडीची कडा सुरीसारखी होती.

"इस्त्री कोण करतं याला?"

"मीच."

"किती वर्षं?"

निरीक्षकाने विचार केला. ओठ हलले, थांबले.

"मोजायची राहिली," तो म्हणाला.

चष्मेवाला उठला. इतक्या झटक्यात उठला की खुर्ची मागे कलंडली.

"मला घरी जायचंय."

"गाडीचं सांगायला?"

"गाडीचं नाही."

"थांबा, मीही कोपऱ्यापर्यंत येतोच आहे. त्याची ठेवून जायची वेळ झालीय."

दोघं निघाले. निरीक्षक फाटकाच्या पायऱ्या एकेक करून उतरला. कोपऱ्याच्या अलीकडे एक विजेचा खांब होता, त्याच्या आडोशाला तो सवयीने थांबला, गाठोडं छातीशी धरून. पुढे रस्त्याकडेला गाडी उभी होती. तपकिरी खोळी अजून आत होत्या. कुत्र्याची मान हलत होती. आणि स्टिअरिंगमागे बेकरीवाला बसलेला होता.

"हा गेला नाही अजून," निरीक्षक कुजबुजला.

"दिसतंय."

"उतरत का नाहीये?"

"विचारा ना."

"तुम्ही विचारून या. तुम्हाला सवय आहे."

"मी नाही."

"अहो, दोन पावलांवर आहे. शेवटचं म्हणून."

"दोन पावलांवर आहे म्हणूनच," चष्मेवाला म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला जरा मोठाच वाटला. "सॉरी. मला उशीर होतोय. गुडघ्याला कोमट तेल लावा. हे त्यांनी सांगितलंय, मी नाही. आता माझ्याकडे कोणाचंच काही राहिलेलं नाही."

घराचा रस्ता गाडीवरूनच जात होता. तो जवळ आला तशी काच खाली झाली.

"सही केली का त्याने?" बेकरीवाल्याने विचारलं. त्याचे डोळे लाल होते, किंवा नेहमीसारखेच होते.

"नाही."

"मग काय म्हणाला?"

"ते तिथे उभे आहेत. खांबामागे."

"दिसतोय मला. खांबापेक्षा जाड आहे तो." बेकरीवाल्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. "पण म्हणाला काय?"

चष्मेवाला थांबला नाही. तो चालत राहिला, मग भरभर चालायला लागला. मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. कोणी आत बसलं की कोणी बाहेर उतरलं, ते आवाजावरून कळण्यासारखं नव्हतं. वळून बघितलं असतं तर कळलं असतं. त्याची मान अर्धी वळलीही. पण रस्त्याला उतार होता आणि तो तोपर्यंत पळायला लागला होता.

*

घरी पोचला तेव्हा ती खोक्यांच्या मध्ये, जमिनीवर बसून फोनवर बोलत होती. त्याला बघून तिने फोन हाताने झाकला. त्याचा घाम बघितला. हातातले बिनसहीचे कागद बघितले.

"कळलं?" तिने विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"काल. मागच्या पाटीवरचा नंबर तोच होता."

"मग सांगितलं का नाहीस? मी रस्त्यात उभा राहून हॉर्नवर भाषण दिलं."

"तू काहीतरी ठरवत होतास," ती म्हणाली. "मला वाटलं, मधे बोलू नये."

त्याला हसू आलं, पण धाप लागल्यामुळे ते नीट बाहेर आलं नाही. फोनमधून बारीक आवाज येत होता, हॅलो, मॅडम, हॅलो. त्याने हात पुढे केला. तिने क्षणभर त्याच्या हाताकडे बघितलं आणि फोन दिला.

"दोघांचं बघा," तो म्हणाला.

"कोण बोलतंय?" दलालाने विचारलं.

"त्यातला दुसरा."

"बरं झालं बाबा एकदाचं. मग ऐका. दोघांची दोन घरं आहेत माझ्याकडे. एकाच इमारतीत, एकसारखी. एक पहिल्या मजल्यावर, एक दुसऱ्या. भाडं तेच, खोल्या त्याच. दोन्हीचे फोटो पाठवतो, निवांत बघा, आणि मग—"

त्याची बायको एका खोक्याची दोरी आवळत होती. तिचे हात थांबले. तिने वर बघितलं नाही.

"दुसऱ्या मजल्यावरचं," तो म्हणाला.

"अहो, पण फोटो तरी—"

"बघायला नको," चष्मेवाला म्हणाला, आणि फोन तिच्या हातात देऊन दोरीच्या गाठीवर बोट धरायला खाली बसला.